छपाईचा पडदा आणि त्याचें प्रक्षालन

मुद्रणकलेविषयीं जें कांहीं लिहिलें व बोललें जातें, तें बहुतेक सर्व उमटविण्याविषयीं असतें. पुसण्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. अक्षर कसें वळणदार असावें, शाई किती दाट असावी, कागद कोणता घ्यावा, ह्यांची चर्चा रंगते. पण छपाई आटोपल्यावर ज्या साधनानें छापलें त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न मोरीपाशीं उभ्या असलेल्या हातांवर सोडून दिला जातो. स्क्रीन प्रिंटिंग या नांवानें आज घराघरांत पोंचलेल्या छपाईच्या बाबतींत तर हा प्रश्न मुळींच गौण नाहीं. या धंद्यांतील नफातोटा, इतकेंच नव्हे तर तो चालविणार्‍या घराचें आरोग्यहि, छापण्यापेक्षां धुण्यावर अधिक अवलंबून आहे, असें आमचें मत आहे. आणि तें वाचकांसमोर सकारण मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

विषय आपल्या घरांपासून दूरचा नाहीं. लग्नाच्या व मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीचीं निमंत्रणें, गणेशोत्सव मंडळांचे सदरे, दुकानांच्या पिशव्या, हीं सर्व कामें या रीतीनें होतात. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हांपासून कापडी पिशवीवर नांव छापून देण्याच्या कामासहि वाव मिळाला. भांडवल थोडें, मोठें यंत्र नाहीं, जागा एका खोलीची. त्यामुळें शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहणारा मुलगा किंवा घर सांभाळून चार पैसे मिळवूं पाहणारी सून हा उद्योग हातीं घेते, आणि तें योग्यच आहे. परंतु अशा घरांत छपाई बाहेरच्या खोलींत होते आणि पडदा धुतला जातो तो न्हाणीघरांत. जेथें सकाळीं मुलें आंघोळ करतात त्याच फरशीवर. म्हणून ही गोष्ट कारागिराइतकीच गृहस्थानें व गृहिणीनेंहि समजून घेतली पाहिजे.

आधीं पडदा म्हणजे काय तें पाहूं. लांकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून बसविलेली अतिशय बारीक जाळी, एवढेंच त्याचें स्वरूप. संस्कृतांत चाळणीस 'तितउ' असा एक शब्द आहे. दोन स्वर शेजारीं शेजारीं येऊनहि त्यांचा संधि होत नाहीं, अशी त्याची विचित्र घडण असल्यामुळें व्याकरण शिकणारा तो शब्द सहसा विसरत नाहीं. छपाईचा पडदा हा एक तितउच आहे. भेद इतकाच कीं त्यांतून पिठाऐवजीं शाई उतरते, आणि ती कोणत्या छिद्रांतून उतरावी व कोणत्या नाहीं हें आपण ठरवितों. हें साम्य केवळ कल्पनेचें नव्हे. या छपाईसाठीं प्रारंभीं जें रेशमी वस्त्र वापरलें गेलें, तें मूळचें युरोपांतील गिरण्यांत पीठ चाळण्यासाठीं विणलेलें होतें. रेशमावर आकृति बसवून छापण्याच्या रीतीचें पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यानें १९०७ सालीं घेतलें. त्याच्या फार पूर्वीं जपानी कारागीर तुतीच्या कागदाचे साचे कोरून वस्त्रें रंगवीत, आणि साच्यांतील सुटे तुकडे जागीं राहावे म्हणून ते माणसाच्या केंसांनीं किंवा रेशमी धाग्यांनीं जोडीत.

आज रेशमाची जागा पॉलिएस्टरनें घेतली आहे. कापडावर छापण्यासाठीं एका सेंटिमीटरांत ४३ धागे असलेली जाळी पुष्कळदां वापरतात. पत्रिकेवरील बारीक अक्षरांसाठीं १२० धाग्यांची. ह्या दुसर्‍या जाळींतील धागा सुमारें ०.०३४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे डोक्यावरील केंसाच्या जवळजवळ निम्मा असतो. इतक्या नाजूक वस्त्रावरून आपण रबराची पट्टी दाबून ओढतों, तें नाना द्रव्यांनीं भिजवितों, आणि तरीहि तें पुन्हां पुन्हां कामास यावें अशी अपेक्षा ठेवतों.

या जाळीवर आकृति बसते ती प्रकाशाच्या साह्यानें. प्रकाश लागतांच कठीण होणारा एक लेप, ज्यास कारागीर इमल्शन म्हणतात, तो मंद पिवळ्या उजेडांत जाळीवर पसरून वाळवितात. त्यावर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर प्रकाश देतात. जेथें प्रकाश पडला तेथें लेप घट्ट होतो व पाण्यास दाद देत नाहीं. अक्षरांच्या सावलींतील लेप मऊच राहतो आणि पाण्याच्या धारेनें निघून जातो. तेवढीं छिद्रें मोकळीं झालीं कीं साचा तयार. पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशांत पालटतो, हें स्कॉटलंडच्या मुंगो पाँटन यानें १८३९ सालीं दाखविलें. आणि तेंच द्रव्य जिलेटिनांत मिसळलें असतां जिलेटिन प्रकाशानें अविद्राव्य होतें, या शोधावर टॅलबट यानें १८५२ सालीं पेटंट घेतलें. जिलेटिनची जागा पुढें पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या कृत्रिम द्रव्यानें घेतली. पण डायक्रोमेट मात्र लहान कारखान्यांतून अजून पुरतें गेलेलें नाहीं. त्याच्याकडे आपणांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

एका घरची पत्रिका छापून झाली कीं तिच्या साच्याचा दुसर्‍या घरास उपयोग नसतो. चौकट व जाळी मात्र धडधाकट असते, आणि दर कामास नवी जाळी ताणणें लहान उद्योगास परवडत नाहीं. पुसून पुन्हां लिहिण्याची ही रीत आपणांस अपरिचित नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें धूळपाटीवर अक्षरें गिरविलीं आणि आम्हीं दगडी पाटीवर. मुद्रणांतहि हाच प्रघात होता. शिळाप्रेसच्या काळांत बव्हेरियाहून येणारा चुनखडीचा जड दगड एका कामासाठीं वापरून टाकीत नसत; त्याचें तोंड वाळू व पाणी घालून घासलें कीं तो नव्या चित्रासाठीं कोरा होई. पण दगड घासतां येतो, कारण वरचा थर गेला तरी खालीं दगडच असतो. जाळीखालीं जाळी नसते. तिच्यावर जें जें बसलें आहे तें सर्व काढावयाचें आणि ती स्वतः जशीच्या तशी राखावयाची, ही अट पाटीला नव्हती व शिळेलाहि नव्हती.

वापरलेल्या पडद्यावर चार वस्तु असतात: शाई, साचा, छाया आणि तेलकटपणा. त्या ह्याच क्रमानें काढावयाच्या असतात. क्रम उलटला कीं श्रम वाढतात व फळ मिळत नाहीं.

पहिली शाई. काम संपतांच उरलेली शाई पट्टीनें निपटून डब्यांत परत घालावी. जितकी डब्यांत जाईल तितकी मोरींत कमी जाईल. पाण्याची शाई असेल तर पडदा तत्काळ पाण्यानें धुवावा, कारण ती जाळीच्या छिद्रांत वाळली म्हणजे हट्टानें बसते. तेलाची किंवा थिनरची शाई असेल तर तिला अनुरूप असें द्रव थोडेंसें चिंधीवर घेऊन दोन्ही बाजूंनीं पुसावें. पडद्यावर तें ओतूं नये. शाईचा पातळ पापुद्रा जरी मागें राहिला, तरी तो साच्यावर चिलखतासारखा काम करतो आणि पुढचें द्रव्य त्याच्या आंत शिरत नाहीं. घाईनें ही पायरी अर्धी सोडणारा पुढें दुप्पट वेळ घासत बसतो.

दुसरा साचा. जो लेप आपण मुद्दाम पाण्यास न जुमानणारा केला, तो आतां पाण्यानेंच काढावयाचा आहे. यासाठीं सोडियम मेटापीरियोडेट या द्रव्याचें पाण्यांतील द्रावण वापरतात, आणि त्याची करामत मोठी मनोरंजक आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा रेणु म्हणजे एक लांबच लांब सांखळी. तिच्यावरील हायड्रॉक्सिल गट बहुधा एकाआड एक कार्बनवर बसलेले असतात. पण शंभरांत एक-दोन ठिकाणीं ते अगदीं शेजारच्या दोन कार्बनांवर येतात. पीरियोडेट नेमकी हीच ठिकाणें गांठून तेथें सांखळी तोडतें. ही क्रिया फ्रेंच रसायनज्ञ मालाप्राद यानें १९२८ सालीं प्रसिद्ध केली. कांहीं थोडे सांधे तुटले कीं लांब सांखळीचे आंखूड तुकडे होतात आणि लेप पाण्याच्या जोरदार धारेनें गळून पडतो. पॉलिएस्टरच्या धाग्यांत असा सांधा नसल्यामुळें त्यास इजा होत नाहीं. द्रावण दोन्ही बाजूंस मऊ ब्रशानें लावून थोडीं मिनिटें थांबावें, पण तें पडद्यावर कदापि वाळूं देऊं नये. वाळलें तर साचा सुटण्याऐवजीं जाळीस कायमचा जखडला जातो, आणि मग पडदा टाकून देण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. उन्हाळ्यांत भर दुपारीं, पंख्याखालीं, हें काम करूं नये तें याचसाठीं.

कित्येक ठिकाणीं पीरियोडेटऐवजीं ब्लीच वापरतात. त्यानेंहि साचा निघतो, पण सावकाश. येथें जाळी कशाची आहे हें ठाऊक असलें पाहिजे. रेशीम ब्लीचमध्यें विरघळून जातें. नायलॉनलाहि तें मानवत नाहीं. पॉलिएस्टर तें सोसतो. उलट दाहक सोडा पॉलिएस्टरलाच हळूहळू खातो. प्रत्येक धाग्याचा शत्रु निराळा आहे, आणि तो ओळखल्यावांचून बाटली उघडूं नये.

तिसरी छाया. साचा गेला तरी जुन्या अक्षरांची पुसट आकृति जाळीवर कधीं कधीं दिसत राहते. शाईच्या रंगाचा व लेपाच्या सूक्ष्म अवशेषांचा तो डाग असतो. नवशिक्या कारागिरास ही छाया पाहवत नाहीं, आणि ती घालविण्यासाठीं तो दाहक सोड्याचें तीव्र द्रव्य लावून पडदा रात्रभर ठेवून देतो. सकाळीं छाया गेलेली असते, पण धाग्याचें बळहि गेलेलें असतें. मग पुढच्या कामांत ताणलेली जाळी मध्येंच फाटते. खरी परीक्षा अशी: पडदा उजेडासमोर धरावा. छिद्रें मोकळीं दिसत असतील तर डाग खुशाल राहूं द्यावा; तो छपाईंत उतरणार नाहीं. छिद्रें बुजलेलीं दिसलीं तरच उपाय करावा, तोहि हातमोजे व चष्मा घालून, डबीवर लिहिलेल्या मिनिटांपेक्षां एक मिनिटहि अधिक न ठेवतां. स्वच्छता आणि पांढरेपणा ह्या दोन वस्तु एक नव्हेत, हें या कामांत फार लवकर शिकावें लागतें.

चौथा तेलकटपणा. बोटांचा ओशटपणा जाळीवर राहिला तर नवा लेप तेथें धरत नाहीं आणि साच्यांत टांचणीएवढीं भोकें पडतात. म्हणून शेवटीं सौम्य, बिनवासाच्या क्षालकानें पडदा धुवून भरपूर पाण्यानें खळबळावा. आंघोळीचा साबण घेऊं नये. त्यांतील स्निग्धांश जाळीवरच राहतो. मग पडदा उभा करून धूळ नसेल अशा जागीं वाळवावा आणि त्यानंतर जाळीस हात लावूं नये. सोंवळें पाळणार्‍या घरांत वाढलेल्यांस हा नियम निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

येथवर पडद्याचें झालें. आतां धुणार्‍याचें व घराचें पाहूं. कारण पडदा वांचविण्याच्या नादांत माणसाकडे दुर्लक्ष होतें, असें दिसतें.

न्हाणीघरांत ब्लीचची बाटली व संडास धुण्याचें आम्ल शेजारीं शेजारीं असतात. हीं दोन्ही एकत्र आलीं कीं क्लोरिन वायु निघतो, आणि बंद खोलींत तो प्राणावर बेततो. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि तिला गॅसच्या गीझरची ज्योत पुरेशी होते. जेथें गीझर पेटतो किंवा निरांजन तेवत असतें, तेथें थिनरचें भांडें उघडूंच नये. पुष्कळशा थिनरांत टोल्यूइन असतें. त्याच्या वाफेनें डोकें दुखतें, भोंवळ येते, आणि गर्भवती स्त्रीनें तर त्यापासून दूरच राहावें. थिनरनें भिजलेल्या चिंध्या झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवाव्या. पीरियोडेट हें ज्वलनास साह्य करणारें द्रव्य असल्यामुळें तें त्या डब्याच्या जवळपासहि ठेवूं नये. हे नियम सोपे आहेत. ते मोडले जातात ते अज्ञानानें नव्हे, तर जागेच्या अडचणीनें. म्हणून उद्योग सुरू करतांना छपाईच्या मेजाआधीं धुण्याची जागा ठरवावी, असा आमचा आग्रह आहे.

आतां डायक्रोमेट. तें स्वस्त असतें, सहज मिळतें, आणि नारिंगी रंगाचे त्याचे स्फटिक दिसावयास मोहक असतात. पण त्यांतील क्रोमियम षट्संयुजी असतें, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें अशा संयुगांस माणसास निश्चितपणें कर्करोग करणार्‍या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. हातास लागत राहिलें तर त्वचेवर खोल व्रण पडतात. एकदां त्वचा त्यास चिडली म्हणजे पुढें अल्पशा स्पर्शानेंहि खाज व फोड येतात. प्रकाश दिल्यानंतर साचा प्रथम धुतांना अक्षरांच्या जागचा जो मऊ लेप वाहून जातो, त्याच्याबरोबर हें द्रव्य पिवळ्या पाण्याच्या रूपानें थेट मोरींत जातें. घट्ट झालेल्या लेपांत त्याचें रूप बरेंचसें सौम्य झालेलें असतें. पण तोच लेप ब्लीचनें काढूं गेल्यास तें पुन्हां मूळच्या उग्र रूपास जाऊं शकतें.

एक लहानसें गणित करून पाहूं. एक ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेटमध्यें सुमारें ३५३ मिलिग्रॅम क्रोमियम असतें. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पिण्याच्या एका लिटर पाण्यांत क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. भागाकार केला तर असें दिसतें कीं, एक ग्रॅम स्फटिक ७,००० लिटर पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतात. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा लहानसा अंश. आणि आपल्याकडे कित्येक वस्त्या उन्हाळ्यांत एका टँकरसाठीं घागरी मांडून बसतात. जेथें मोरीचें पाणी शोषखड्ड्यांत जिरतें आणि विंधनविहीर त्याच आवारांत असते, तेथें तर हें गणित कागदावर राहत नाहीं. तमिळनाडूंतील रानीपेट येथें क्रोमेटचा कारखाना बंद पडल्यावरहि त्यानें मागें ठेवलेल्या गाळानें आसपासचें भूजल दूषित केलें. प्रमाण निराळें, परंतु द्रव्याचा स्वभाव तोच.

मोठ्या कारखान्यांत अशा सांडपाण्यांत हिराकस घालून क्रोमियमचें उग्र रूप सौम्य करतात व चुन्यानें तें खालीं बसवितात. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण खालीं बसलेला गाळहि धोकादायक कचराच असतो, व त्याची रीतसर वाट लावावी लागते. घरच्या मोरींत हा प्रयोग करूं नये. खरा उपाय अगदीं साधा आहे, आणि तो म्हणजे हें द्रव्य घरांत न आणणें. डायझोचे लेप व न मिसळतां वापरतां येणारे तयार लेप बाजारांत मिळतात आणि त्यांचीं अक्षरेंहि उत्तम येतात. युरोपीय संघांत तर सप्टेंबर २०१७ पासून पोटॅशियम, सोडियम व अमोनियम यांचीं डायक्रोमेटें विशेष परवानगीवांचून वापरतां येत नाहींत. घरांत जुनी बाटली शिल्लक असेल तर ती ओतून टाकूं नये. नांवाची चिठ्ठी लावून, झांकण घट्ट करून, घातक कचरा स्वीकारणार्‍या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावी.

यावर एक आक्षेप येईल. तयार लेप महाग पडतो. पत्रिकेमागें कांहीं पैसे वाढले तर गिर्‍हाईक शेजारच्या दुकानीं जातें. आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्याचें उत्तर केवळ छापणार्‍यानें द्यावें हें न्याय्य नव्हे. धंदा थोडा वाढला कीं मालक छापण्याचें काम स्वतःकडे ठेवतो आणि धुण्याचें काम सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलाकडे किंवा बाईकडे जातें. कमी केलेले ते पैसे वस्तुतः त्यांच्या हातांच्या कातड्यांतून वळते होतात. पत्रिकेच्या माथ्यावर आपण गजाननाचें स्मरण करतों, कोपर्‍यांस हळदकुंकू लावतों, आणि ती शुभ व्हावी अशी इच्छा धरतों. ती छापतांना कोणाच्या बोटांवर व्रण पडूं नये, ही काळजी त्या शुभाच्या बाहेरची कशी म्हणतां येईल?

तेव्हां ज्या घरांतील मुलांनीं हा उद्योग आरंभिला आहे, त्या घरच्या वडीलधार्‍यांनीं कौतुक करावेंच. पण एकदां न्हाणीघरांत जाऊन बाटल्यांवरील नांवें वाचावीं, खिडकी उघडते कीं नाहीं तें पाहावें, आणि द्रावकांत टिकणारे हातमोजे आणून द्यावे. औषधाच्या दुकानांत मिळणारे पातळ रबरी मोजे थिनरपुढें टिकत नाहींत. धुतलेलें पाणी मोरींत सोडण्यापूर्वीं जाड फडक्यांतून गाळावें म्हणजे लेपाचे व शाईचे तुकडे नळींत सांचणार नाहींत. आणि ज्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं पत्रिकेचा नमुना पसंत करतांना छापणार्‍यास इतकेंच विचारावें, "पडदा धुण्यास काय वापरतां, आणि तो धुतो कोण?" दहा गिर्‍हाइकांनीं हा प्रश्न विचारला तर अकराव्याच्या आधीं दुकानांतील बाटली बदलेल, असा आमचा विश्वास आहे. एका जरी न्हाणीघरांतून तें नारिंगी द्रव्य या लेखामुळें बाहेर गेलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.